मालकाची तार आणि कामगाराचा निरोप

या व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही 'कचेरीने दिलेल्या फोनवरील खाजगी निरोप' असे उत्तर दिले. त्यावर एक गृहस्थ हसून म्हणाले, "हा विषय इंजिनियरांचा, तुमचा नव्हे." आम्ही कोणत्याही अर्थाने इंजिनियर नाही, आणि विद्यापीठाची पायरीही चढलेलो नाही; जे काही शिकलो ते फाटकावर, लेबर कोर्टाच्या ओसरीत आणि वाचनालयाच्या बाकावर शिकलो. पण फाटकावर जी वीस-तीस वर्षे गेली, त्यांत एक गोष्ट पक्की ध्यानात आली. यंत्र नवे असते, त्याभोवतीचे भांडण जुने असते. तार ज्याची, त्याला तारेवरचा निरोप वाचण्याचा हक्क आहे काय, हे ते भांडण. आणि ते मोबाईल जन्मण्याच्या शंभर वर्षे आधीपासून चालू आहे.

सुरुवात तारेपासूनच करू. 1908 साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेश येथील तारखात्याच्या सिग्नलरांनी संप केला. कामाच्या पाळ्यांची नवी व्यवस्था त्यांना जाचक झाली होती. हेन्री बार्टन हा त्यांचा पुढारी. या संपात नवलाची गोष्ट अशी की, रंगून, कलकत्ता, मुंबई अशी शेकडो मैलांवर विखुरलेली ही माणसे एकमेकांना क्वचितच भेटलेली होती. तरी ती एकजुटीने उठली, कारण त्यांच्या बोटांखाली तार होती. सरकारी तारेवरूनच सरकारविरुद्धच्या संपाचे निरोप गेले. व्यापारी पेढ्या हवालदिल झाल्या. मालकाच्या साधनाने मालकाशी लढण्याचा हा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग म्हणावयास हरकत नाही. पण तीच तार सरकारच्या कानाशीही जोडलेली होती. 1885 च्या तार कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला निरोप अडविण्याची, पाहण्याची मुभा दिलेलीच होती. तारेची सेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी 2023 चा दूरसंचार कायदा झाला. निरोप अडविण्याची मुभा मात्र नव्या कायद्यातही आहे.

तारेची ही कथा. टपालाची याहून कडू. मुंबईच्या गिरणी कामगारांच्या चळवळीचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना मीरतचा खटला माहीत आहेच. 20 मार्च 1929 रोजी देशभर धाडी पडल्या. मुंबईहून डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर, मिरजकर, अधिकारी अशी मंडळी उचलून दूर मीरतला नेली. त्यांच्याबरोबर स्प्रॅट, ब्रॅडली हे इंग्रजही होते. आरोप काय, तर बादशहाचे राज्य उलथून पाडण्याचा कट. आणि पुरावा? पुराव्याचा मोठा भाग म्हणजे टपालातली पत्रे. पाकीट वाफेवर उघडावे, नक्कल करून घ्यावी, पुन्हा चिकटवावे आणि पत्त्यावर पोहोचते करावे. घेणाऱ्याला वाटे, पत्र सुखरूप आले. 1924 च्या कानपूर खटल्यातही हाच प्रकार झाला होता आणि डांग्यांना चार वर्षांची सजा झाली होती. मीरतचा खटला जवळजवळ चार वर्षे चालला. जानेवारी 1933 मध्ये शिक्षा झाल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबादच्या हायकोर्टाने त्यांतल्या बऱ्याच रद्द केल्या वा फार कमी केल्या. पण तोवर गिरणी कामगार युनियनची आघाडीची फळी चार वर्षे गजाआड राहिली होती. पत्रे फोडणाऱ्यांचे काम त्यातच झाले होते.

आम्ही हा खटला येथे आणला तो त्यातील राजकारणासाठी नव्हे. त्यातल्या कोणाचे कोणते मत आम्हांस पटते, हा प्रश्न वेगळा. येथे पाहावयाचे ते इतकेच की, त्या काळी पत्र फोडावयाचे तर सरकार लागे, टपाल कायदा लागे, कोणाच्या तरी सहीचा हुकूम लागे. परळच्या गिरणीमालकाला ही सोय नव्हती. त्याच्याजवळ जॉबर होता, टाइमकीपर होता, चहाच्या दुकानात बसून कान देणारा एखादा खबऱ्या होता. पण कामगाराने गावी धाडलेले कार्ड त्याच्या हाती लागत नसे. आज पोस्ट ऑफिसच मालकाच्या घरात आले आहे. फोन त्याचा, लॅपटॉप त्याचा, वायफाय त्याचे, निरोपाच्या ॲपचा खातेदारही तोच. हुकुमाची सही मागावयाची ती कोणाकडे?

येथे काही सुशिक्षित मंडळी एक शंका काढतात, तिचा समाचार घेतलाच पाहिजे. ती म्हणतात, "दहा बाय बाराच्या खोलीत वीसजण राहणाऱ्या कामगाराला खाजगीपणाचे कसले कौतुक? त्याचे पत्रसुद्धा जी. पी. ओ. बाहेरचा लेखनिक लिही आणि गावी मास्तर वाचून दाखवी." हे खरे आहे. पण तो लेखनिक कोणाला निवडावयाचा हे कामगार ठरवी. चार पैसे जास्त देऊन तो तोंडाला कुलूप असलेल्या लेखनिकाकडे जाई. बायकोला काय लिहावयाचे, सावकाराला काय, आणि भावाला संपाबद्दल काय कळवावयाचे, याची त्याच्या मनात पक्की वाटणी असे. खाजगीपण म्हणजे भिंती नव्हेत; कोणी ऐकावे हे आपण ठरविणे, म्हणजे खाजगीपण. चाळीतल्या माणसाला ते बंगल्यातल्यापेक्षा अधिक कळते, कारण त्याला ते रोज कमवावे लागते.

टेलिफोन आला तेव्हा या भांडणाने कोर्टाचे तोंड पाहिले. इंग्लंडात ॲलिसन हॅलफर्ड या मर्सीसाइड पोलिसांतील फार वरच्या अधिकारी होत्या. बढती नाकारली म्हणून 1990 साली त्यांनी स्त्री असल्यामुळे पक्षपात होतो अशी तक्रार गुदरली. त्यांच्या कचेरीत दोन टेलिफोन होते आणि त्यांतला एक खाजगी बोलण्यासाठी दिलेला होता. खात्याने कचेरीतील त्यांचे बोलणे चोरून ऐकले. खटल्यात त्यांच्याविरुद्ध काही हाती लागावे म्हणून. 1997 साली स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितले की, फोन कचेरीचा असला म्हणून माणसाचे खाजगी जीवन कचेरीचे होत नाही. त्यांना दहा हजार पौंड भरपाई मिळाली. फोन ऐकणाऱ्या खात्यातल्या बड्या अधिकाऱ्याचीच ही गत, मग शिपायाचे काय, हा विचार आमच्या मनात तेव्हाच येऊन गेला.

अमेरिकेचा रस्ता उलट दिशेने गेला. 1996 साली पेनसिल्व्हानियात एका नोकराने मालकाच्या ई-मेलवर वरिष्ठांबद्दल तिखट शब्द लिहिले आणि त्याला काढले. ई-मेल खाजगी राहील, तिचा वापर करून कोणास काढणार नाही, असे त्या कंपनीने आधी सांगितले होते, हे त्याचे म्हणणे. कोर्ट म्हणाले, सांगितले असले तरी सर्वांच्या वापराच्या यंत्रणेवर लिहिले म्हणजे खाजगीपणाची रास्त अपेक्षा उरली नाही. 2010 साली तेथील सुप्रीम कोर्टापुढे पेजरचा खटला आला. कॅलिफोर्नियातील ऑन्टॅरियो शहराच्या पोलीस सार्जंटला दिलेल्या पेजरवरचे निरोप वरिष्ठांनी कंपनीकडून मागवून वाचले होते. महिन्याला पंचवीस हजार अक्षरांची मर्यादा होती, ती ओलांडली जाई, म्हणून तपासणी. कोर्टाने एकमताने ती रास्त ठरविली, आणि कचेरीच्या यंत्रावर खाजगीपणाची अपेक्षा धरता येते काय, या मूळ प्रश्नाला मात्र बगल दिली.

आता ज्या खटल्यासाठी आम्ही इतका वेळ वाट वाकडी केली, तो रुमानियाचा. तो सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्या प्रत्येक कचेरीचे चित्र आहे.

बुखारेस्टमधील एका खाजगी कंपनीत बार्बुलेस्कु नावाचा इंजिनियर विक्रीचे काम पाही. गिऱ्हाइकांच्या चौकशीला उत्तरे देण्यासाठी 'याहू मेसेंजर' या निरोपांच्या ॲपवर खाते उघड, असे मालकानेच त्याला सांगितले. कंपनीच्या नियमावलीत संगणक, टेलिफोन, टेलेक्स, फॅक्स यांचा खाजगी वापर करू नये असे होते. टेलेक्सचा उल्लेख पाहिला की नियमावली किती जुन्या कागदावरून उतरवलेली असते हे ध्यानात येते. 2007 च्या जुलैत एक सूचना फिरली की, अमुक बाईला इंटरनेटच्या खाजगी वापराबद्दल काढण्यात आले आहे, कामगारांनी सावध राहावे. तिच्यावर याचीही सही घेतली. पण तुमचे निरोप आम्ही शब्दन्‌शब्द उतरवून घेत आहोत, हे कोठेच म्हटलेले नव्हते. 5 ते 13 जुलै असे आठ-नऊ दिवस ते उतरविले गेले.

13 तारखेला संध्याकाळी साडेचारला त्याला बोलावले. "तू मेसेंजर खाजगी कामाला वापरलास काय?" तो म्हणाला, "नाही, फक्त कामाला." तासाभराच्या आत त्याच्या हातात पंचेचाळीस पानांचा कागद पडला. त्यात भावाशी आणि वाग्दत्त वधूशी झालेले त्याचे बोलणे होते. काही प्रकृतीबद्दल, काही अगदी दोघांतच राहावयाचे असे. काही निरोप तर कंपनीच्या खात्यावरचे नव्हते, त्याच्या स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरचे होते. पण यंत्र एकच, म्हणून तेही आले. पत्रांची गुप्तता मोडणे हा गुन्हा आहे, असे त्याने लेखी उत्तर दिले. 1 ऑगस्टला त्याला नोकरीवरून काढले.

खातेनिहाय चौकशीत ज्यांनी कामगाराच्या बाजूने बसावयाचे काम केले आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आधी पुरावा खिशात ठेवावयाचा, मग भोळेपणाने प्रश्न विचारावयाचा, आणि 'नाही' म्हटले की मूळ आरोपात 'खोटे बोलला' ही आणखी एक कलमवाढ करावयाची.

रुमानियाच्या दोन्ही कोर्टांत तो हरला. स्ट्रासबर्गला गेला, जानेवारी 2016 मध्ये तेथील सात न्यायमूर्तींपैकी सहांनी मालकाची बाजू घेतली. त्या दिवशी युरोपातील वर्तमानपत्रांनी 'मालकाला तुमचे निरोप वाचण्याची मोकळीक' अशा थाटाच्या बातम्या दिल्या. प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले, आणि तेथे युरोपियन ट्रेड युनियन काँग्रेसने स्वतःहून म्हणणे मांडले. 5 सप्टेंबर 2017 रोजी अकरा विरुद्ध सहा मतांनी निकाल फिरला. मालकाने कितीही मनाई केली तरी कामाच्या जागी माणसाचे खाजगी जीवन शून्यावर आणता येत नाही, हा त्याचा गाभा. नियम असणे वेगळे आणि देखरेखीची आगाऊ, स्पष्ट सूचना देणे वेगळे. निरोप गेला एवढे पाहणे वेगळे आणि त्यातला मजकूर वाचणे वेगळे. मजकूर न वाचता काम भागले असते काय, हे रुमानियाच्या कोर्टांनी तपासलेच नव्हते. आम्हांस विचाराल तर या शेवटच्या भेदात सगळे सार आहे. कामगार तासभर मशीन सोडून बोलत होता, हे सिद्ध करण्यासाठी तो बायकोशी काय बोलला हे कळण्याची गरज नसते.

विजय झाला खरा. खर्चापोटी 1,365 युरो मिळाले. मानसिक त्रासाबद्दल वेगळी भरपाई नाही. हक्क मोडला असे म्हटले, तेच पुरे मानावे, असे कोर्ट म्हणाले. दहा वर्षे गेली होती.

आता यंत्राकडे वळू. पुष्कळ कामगार आम्हांस सांगतात, "व्हॉट्सॲपला कुलूप असते, मध्ये कोणी वाचू शकत नाही." 2016 च्या एप्रिलपासून ते कुलूप सर्व निरोपांना आहे आणि कुलूप चांगले आहे. पण ते वाटेवरचे कुलूप आहे. पाकीट सीलबंद होऊन जाते. ते जेथे लिहिले जाते आणि जेथे उघडले जाते ती मेजे मात्र कोणाची, हा प्रश्न कुलूप सोडवीत नाही. कचेरीच्या संगणकावर व्हॉट्सॲप जोडून ठेवले म्हणजे उघडे पत्र मालकाच्या मेजावर ठेवले. त्या संगणकात पडद्याची छायाचित्रे घेणारा किंवा दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम असेल, तर कुलूप तोडावेच लागत नाही. कंपनीच्या फोनमध्ये व्यवस्थापनाचा एक प्रोग्रॅम बसविलेला असतो; त्यातून दुरून ॲप घालता येते, काढता येते, फोन पुसून टाकता येतो, पुष्कळदा तो कोठे आहे हेही दिसते. स्वतःच्या फोनवर कंपनीचा कप्पा वेगळा करून घेण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे आणि ती पुष्कळ बरी. संपूर्ण फोनच कंपनीच्या ताब्यात देण्याशी तिची गल्लत करू नये. दोन्हींना कचेरीत एकाच नावाने हाक मारतात, तेथे फसगत होते.

कंपनीने घेतलेल्या 'स्लॅक'सारख्या ॲपची गोष्ट आणखी निराळी. तेथे दोघांतले बोलणेही खातेदाराचे, म्हणजे मालकाचे. 2018 साली त्या कंपनीने नियम बदलले. आधी दोघांतले निरोप मालकाने बाहेर काढले तर नोकरांना सूचना जाण्याची तरतूद होती, ती गेली. आणि युनियनच्या गटाबद्दल सांगावयाचे तर, गटात शंभर माणसे असली की शंभर फोन आले. त्यांतला एक कंपनीचा असला तरी सगळ्यांची नावे, नंबर आणि बोलणे तेथे जाऊन बसते. आमच्या माहितीच्या एका कारखान्यात फाटकसभेची वेळ गटावर ठरली आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला फाटकाबाहेर आधीच बंदोबस्त उभा होता. खबऱ्या कोण याचा शोध घेण्यात चार चांगली माणसे एकमेकांच्या तोंडाला लागली. शेवटी कळले की, एका सुपरवायझराचा कंपनीचा फोन गटात होता. बिचाऱ्याने काही सांगितलेही नव्हते.

मालकाच्या बाजूचेही एक खरे म्हणणे आहे आणि ते दडवून ठेवणे आमच्या स्वभावात नाही. काही धंद्यांत कामाचे निरोप जपून ठेवणे मालकावर कायद्याने बंधनकारक असते. अमेरिकेत बँकांचे नोकर व्हॉट्सॲपवर सौदे बोलत आणि त्याची नोंद राहत नसे. त्याबद्दल 2021 च्या डिसेंबरात जे. पी. मॉर्गनला दोन सरकारी खात्यांनी मिळून वीस कोटी डॉलर दंड केला. कामाच्या जागी एखाद्या बाईला कोणी घाणेरडे निरोप पाठविले, तर ते पाहिलेच पाहिजेत, त्यासाठी तिची तक्रार पुरे. पण गिऱ्हाइकाचे निरोप जपण्यासाठी कामगाराच्या घरचे निरोप चाळावे लागतात, असे कोणी म्हणेल तर ते आम्ही मानणार नाही. कामाचे बोलणे कामाच्या खात्यावर, घरचे घरच्या फोनवर, ही वाटणी मालकाच्याही सोयीची आहे. ती होत नाही याचे कारण बहुधा पैशाचे असते: दुसरा फोन देण्याचा खर्च नको, म्हणून कामगाराच्याच फोनवर कामाचा गट काढावयाचा आणि रात्री अकराला हुकूम सोडावयाचे.

आपल्या देशात ही गोष्ट कारकुनांपुरती राहिलेली नाही. 2021 साली हरियाणातील आशा बहिणींना सरकारने दिलेल्या फोनमध्ये 'एमडीएम 360 शील्ड' नावाचा व्यवस्थापनाचा प्रोग्रॅम घालण्याचे ठरले. आमच्यावर दिवसरात्र पाळत कशाला, असे म्हणून त्या रस्त्यावर उतरल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. त्यांचा राग मुख्यतः निकृष्ट फोनवर आणि इंग्रजी ॲपवर होता. पाळत हा त्यातला मुख्य मुद्दा नव्हता, तो बळेच त्यात घुसडू नये. तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: ज्या बायकांना सरकार पुरते वेतनही देत नाही, मानधन म्हणते, त्यांच्या खिशातल्या यंत्रावर मात्र सरकारचा पुरता हक्क.

कायदा काय म्हणतो? 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. मोठा दिवस होता तो. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागावयाचा. खाजगी मालकापुढे उभे राहावयास वेगळा कायदा हवा. तो 2023 साली झाला, त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले, आणि मुख्य कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची असे ठरले. त्या कायद्याचे सातवे कलम प्रत्येक युनियनच्या कचेरीत भिंतीवर लावण्याजोगे आहे. नोकरीच्या कारणासाठी, किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरता येईल, असे ते सांगते. 'नोकरीचे कारण' म्हणजे नेमके काय, हे मालकाचा वकील सांगेल.

आणि पुराव्याचे म्हणाल, तर मुंबईच्या कॉरोनरच्या मलकानी खटल्यात 1972 सालीच सुप्रीम कोर्टाने टेलिफोनवरचे ध्वनिमुद्रित बोलणे पुराव्यात घेतले. पुरावा कसा मिळविला यापेक्षा तो कामाचा आहे काय, याकडे आपली कोर्टे अधिक पाहतात. खातेनिहाय चौकशीत तर पुराव्याचा कायदाच काटेकोर लागत नाही. हरियाणाच्या बस कंडक्टरच्या 1977 च्या निकालापासून हे प्रत्येक चौकशी अधिकाऱ्याला तोंडपाठ आहे. तेव्हा एकदा पंचेचाळीस पाने चौकशीच्या मेजावर आली की, ती कशी आली यावर भांडून आपल्याकडे फारसे हाती लागत नाही. भांडण आधी करावे लागते.

ते कोठे करावे, याचे उत्तर जर्मनीच्या कामगारांनी 1972 साली मिळविले. त्यांच्या त्या वर्षीच्या कायद्यातील सत्याऐंशीवे कलम असे आहे की, कामगाराच्या वागणुकीवर किंवा कामावर नजर ठेवू शकेल असे कोणतेही यंत्र बसविण्यापूर्वी कामगार मंडळाची संमती पाहिजे. तेव्हा निरोपांची ॲपे नव्हती. कार्ड पंच करण्याच्या यंत्रांचा जमाना होता. पण कलम यंत्राच्या नावाला बांधलेले नव्हते, म्हणून पन्नास वर्षांनंतरही ते चालते. आपल्याकडे 1946 च्या कायद्याने स्थायी आदेश आले, ते मंजूर होताना युनियनला हरकत घेता येई. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही स्थायी आदेश आहेत, मात्र आता तीनशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच ते लागू. जेथे ते आहेत, तेथे त्यांचा मसुदा येईल तेव्हा यंत्रांबद्दलचे पान उघडून बसावे. कोणते यंत्र काय टिपते, ते कोण पाहते, किती दिवस ठेवते, आणि कोणाच्या सहीने उघडते, हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर लेखी घ्यावे. जेथे स्थायी आदेश नाहीत, तेथे हेच प्रश्न करारात घालावेत. पुढच्या पगारवाढीच्या मागणीपत्रात आमच्या काही युनियनांनी हे कलम तेराव्या क्रमांकावर घातले आहे. ते वर सरकवावे, असे आमचे त्यांच्याशी भांडण चालू आहे.